जांभई ‘लागते’ म्हणजे नेमकं काय होतं?

घाटमाथा (शनिवार, सकाळी ९:१२)

मंडळी, परवा रात्रीच्या एसटीनं पुण्याहून लातूरला निघालो होतो. अगदी पुढची सीट मिळाली, ड्रायव्हरच्या डाव्या हाताची, समोर सगळा रस्ता दिसतो ती. इंदापूरला चहासाठी गाडी थांबली, पुन्हा सुटली. टेंभुर्णी मागे पडली आणि मला जांभया सुरू झाल्या. चौथ्या जांभईला ड्रायव्हरकाकांनी आतल्या आरशातून माझ्याकडं बघितलं. म्हणाले, “साहेब, झोप येत असंल तर मागं जाऊन झोपा. तुमची जांभई मला लागती.” आवाजात राग अजिबात नव्हता. मी उठलो, माझ्या जागी कंडक्टर येऊन बसला. उठताना पाहिलं तर काकांनी डाव्या हाताची मूठ खरोखरच तोंडावर धरली होती.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. सर्दी लागते, डोळे येतात, तिथं काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडं जातं. जांभईत काय गेलं? ना थेंब, ना वास, ना स्पर्श. उचकी अशी लागत नाही, शिंक लागत नाही, ढेकर लागत नाही. मग जांभईच का लागावी?

आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काकांनी मला मागं पाठवलं ते बरोबरच होतं का? दुसऱ्याची लागलेली जांभई माणसाला खरंच पेंगुळवते, की नुसतं तोंड उघडून मिटतं?

बोरकूट (९:३१)

वाचता वाचता दोन आल्या. रात्री आठ तास झोप झालीय, चहा पिऊन झालाय. म्हणजे नुसतं वाचूनही लागते, एवढं तर सिद्ध झालं.

सोनकी (९:४०)

मलाही. आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला माझ्याकडं बघून. तिनं धागा वाचलेलासुद्धा नाही.

आजोळ (९:५८)

आमची आजी जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवायची आणि “नारायण, नारायण” म्हणायची. बाळानं जांभई दिली तर त्याच्या इवल्या तोंडासमोर तीच चुटकी. जात्यावर दळून तिची बोटं जाड झाली होती, त्यामुळं चुटकीचा आवाज सुक्या शेंगेसारखा कडक यायचा. “का गं?” विचारलं तर “जीव बाहेर जाऊ नये म्हणून” एवढंच उत्तर. एकीनं चुटकी वाजवली की ओसरीवरच्या दुसऱ्या म्हातारीचा हातही तोंडाकडं जायचा. कारण तोवर तिलाही जांभई आलेली असायची.

गुळवेल (१०:१५)

आयुर्वेदाचा व्यवसाय करते, म्हणून थोडं सांगते. जांभई हा शब्द संस्कृतातल्या जृम्भेचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय ‘न वेगान्धारणीय’, म्हणजे अडवू नयेत असे शरीराचे वेग. असे १३ वेग सांगितले आहेत आणि शिंक, ढेकर, भूक, तहान, अश्रू, झोप यांच्या रांगेत जृम्भाही आहे. ती दाबली तर अंग वाकणं, आकडी, आखडणं, बधिरपणा, कंप असे त्रास तिथं दिलेले आहेत. योगग्रंथांत पाच उपवायू येतात, त्यांतल्या ‘देवदत्त’ वायूकडे जांभईचं काम आहे. पण ती दुसऱ्याला का लागते, यावर चरकात काही नाही. निदान मी तरी वाचलेलं नाही.

कथेकरी (१०:३८)

गुळवेलताई, महाभारतात आहे ना! उद्योगपर्वात वृत्रासुराची गोष्ट येते. वृत्रानं इंद्राला गिळला. देव घाबरले आणि त्यांनी जृम्भिका निर्माण केली. वृत्राला जांभई आली, तोंड उघडलं, आणि इंद्र अंग आखडून बाहेर पडला. तेव्हापासून जांभई सगळ्या प्राण्यांच्या ठायी राहिली, असं तिथं म्हटलं आहे. ‘का लागते’चं उत्तर यात नाही, पण ती सगळ्या जिवांत आहे हे त्या कथाकारानं नीट पाहिलं होतं.

पाणवठा (११:२०)

मूळ प्रश्नाकडं येतो. या विषयाच्या मागे बरीच वर्षं आहे.

पहिली गोष्ट, ‘रक्तात ऑक्सिजन कमी पडला की जांभई येते’ हे शाळेत शिकलेलं विसरून जा. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी इथल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ साली ते तपासलं. विद्यार्थ्यांना शुद्ध ऑक्सिजन दिला, नंतर नेहमीपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली. कार्बन डायऑक्साइडनं श्वास जोरात चालू लागला, पण जांभयांची संख्या हलली नाही. ऑक्सिजननंही कमी झाली नाही.

लागण्याबद्दलही त्यांनीच पाहिलं. जांभयांची चित्रफीत दाखवली तर निम्म्याहून जास्त लोक पाच मिनिटांत जांभई देतात. फितीतलं तोंड झाकलं तरी लागते. उलट नुसतं उघडलेलं तोंड, बाकी चेहरा नाही, असं दाखवलं तर फारशी लागत नाही. म्हणजे आपण उघडं तोंड पाहून जांभई देत नाही. डोळ्यांचं बारीक होणं, गाल ताणले जाणं, मान किंचित मागं जाणं, असं सगळं मिळून आपल्यात काहीतरी सुटतं. घाटमाथा, तुमच्या ड्रायव्हरकाकांना आरशात बहुतेक तुमचे डोळे पुरले असतील.

एक घरच्या घरी करून बघा. जांभई येताना दात घट्ट आवळून धरा. मोठी चुकल्यासारखी वाटते, अर्धवट राहते, चैन पडत नाही. जबडा उघडल्याशिवाय ती पुरी होतच नाही.

बोरकूट (११:२६)

केलं. भयंकर आहे हे. शिंक येता येता राहावी तसं वाटतंय.

निशिगंध (११:५०)

मी सोनोग्राफी करते. साधारण तिसरा महिना संपताना पोटातलं बाळ जांभई देताना दिसतं. तोंड हळूहळू उघडतं, उघडंच राहतं, मग पटकन मिटतं. साधी तोंडाची उघडझाप आणि जांभई यांत फरक आहे तो हाच. पडद्यावर दाखवलं की आई हसते, आणि बऱ्याचदा सोबत आलेली सासू किंवा बहीण लगेच जांभई देते.

सांगायचं कारण असं की बाळाला तिथं बघायला कुणीच नाही. म्हणजे जांभई येणं आपण जन्माआधीच घेऊन येतो. जांभई लागणं नंतरचं आहे, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं असं अभ्यासांत दिसलंय. येणं आणि लागणं या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या तर गुंता बराच सुटतो.

दोन_पोरांची_आई (१२:०५)

निशिगंधताई, आत्ता घरात करून पाहिलं. थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीच. त्यांच्यासमोर बसून खोट्या जांभया दिल्या, तिसरी खरीच आली. थोरलीनं लगेच दिली. धाकट्यानं माझ्या तोंडात बोट घातलं.

शंकासुर (१२:४४)

प्रोव्हाइन ठीक. पण ‘पाहून जांभई येते’ हे कारण झालं का? ते तर घाटमाथांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. पाहून का येते ते सांगा.

पाणवठा (१:३०)

शंकासुर, रास्त प्रश्न. यावर आज दोन-तीन विचार आहेत आणि त्यांच्यात वाद चालू आहे.

एक म्हणजे अमेरिकेतले संशोधक अँड्र्यू गॅलप यांचा मेंदू थंड करण्याचा. मोठा श्वास आत जातो, जबडा ताणला जातो, डोक्यातलं रक्त हलतं आणि मेंदू किंचित निवतो. २००७ मध्ये त्यांनी लोकांना जांभयांची फीत दाखवताना कपाळावर थंड पट्टी ठेवली, तेव्हा जांभई लागणं खूपच कमी झालं. नुसत्या नाकानं श्वास घ्यायला लावला तेव्हाही तसंच. मग २०११ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात रस्त्यावरच्या लोकांना जांभया देणाऱ्यांची चित्रं दाखवली, ८० जणांना हिवाळ्यात आणि ८० जणांना उन्हाळ्यात. हिवाळ्यात जवळजवळ निम्म्यांना लागली, उन्हाळ्यात पाव जणांना. बाहेरची हवाच अंगाइतकी तापलेली असेल तर ती आत घेऊन थंडावा मिळणार नाही, असा त्यांचा अर्थ. सगळ्यांना हे पटलेलं नाही.

दुसरा विचार कळपाचा. कळपातला एक सुस्तावला किंवा सावध झाला की सगळ्यांनी एकदम व्हावं, म्हणून हा इशारा पसरतो.

तिसरा मायेचा. २०११ मध्ये इटलीतल्या इव्हान नॉर्शिया आणि एलिझाबेटा पालाजी या दोघांनी माणसं रोजच्या जगण्यात, जेवताना, प्रवासात, कामावर जांभया देतात त्याची नोंद ठेवली. घरच्याची जांभई सर्वांत जास्त लागते, मग मित्राची, मग ओळखीच्याची, आणि परक्याची सर्वांत कमी, असं त्यांना आढळलं.

वैनगंगा (१:४१)

काहून बाप्पा, आमच्या भंडाऱ्यात मे महिन्यात दुपारी सगळे जांभयाच देतात ना! पारा पंचेचाळीसच्या वर राहते. पण हो, कूलरसमोर बसलेला देते तर पाहणारे सगळे देतात. अंगणात झाडाखाली बसलेला माणूस उन्हानं इतका मरगळलेला राहते की त्याचं तोंडही उघडत नाही.

पैलतीर (१:५८)

पाणवठा, तिसरं मला शंभर टक्के पटतं. मी न्यू जर्सीत, आई साताऱ्यात. माझी सकाळ तेव्हा तिची रात्र. व्हिडिओ कॉलवर ती रोज भाकरीचा तवा घासून ओट्याला टेकते आणि जांभई देते. मी कॉफी घेऊन, दिवस सुरू करायच्या तयारीत, आणि तिची जांभई मला लागते. तेरा हजार किलोमीटर लांबून! ऑफिसात दिवसभर लोक मीटिंगमध्ये जांभया देतात, त्या मला लागत नाहीत.

शंकासुर (२:१०)

पैलतीर, आईच्या चेहऱ्याकडं तुम्ही टक लावून पाहता. मीटिंगमध्ये कुणाच्या चेहऱ्याकडं बघता? जिथं बघणं जास्त तिथं लागणं जास्त. त्याला माया म्हणायची गरज नाही.

पैलतीर (२:१४)

टक लावून पाहते ती मायेपोटीच ना!

रानमेवा (३:०२)

जनावरांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं मेंढरं आहेत, राखणीला दोन कुत्री. मी जांभई दिली की मोठा कुत्रा देतो, जिभेची कमान करून, शेवटी बारीक ‘कुईं’ असा आवाज काढून. धाकटा देत नाही. पण मी काठी उगारली किंवा मोठ्यानं ओरडलो की दोघंही देतात. तेव्हा त्यांना झोप आलेली नसते, घाबरलेले असतात. कान मागं, नजर दुसरीकडं, आणि जांभई. म्हणून कुत्र्याची जांभई बघून लगेच ‘बघा माझ्यावर किती जीव’ असं म्हणू नये. आधी त्याचे कान बघावेत.

पाणवठा (३:२०)

रानमेवा, फार महत्त्वाचं लिहिलंत. २००८ मध्ये लंडनला २९ कुत्र्यांसमोर माणसानं जांभया दिल्या, २१ कुत्र्यांनी दिल्या. नुसतं तोंड उघडलं तेव्हा एकानंही दिली नाही. मालकाची जास्त लागते का यावर मात्र नंतरच्या अभ्यासांचं एकमत झालेलं नाही. चिंपांझींमध्ये २०११ साली दिसलं की आपल्या टोळीतल्याची जांभई जास्त लागते, परक्या टोळीतल्याची कमी. कासवांवरही झालंय. एका कासवाला सहा महिने शिकवून हुकमी तोंड उघडायला लावलं आणि बाकीच्या कासवांना ते दाखवलं. एकानंही प्रतिसाद दिला नाही. त्या कामाला २०११ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस.

सोनकी (३:२४)

सहा महिने एका कासवाला जांभई शिकवत बसणाऱ्या त्या संशोधकांना माझा दंडवत.

तालीम (४:१५)

कोल्हापुरात कुस्ती केली, आता पोरांना शिकवतो. जोड लागायच्या आधी, लांग कसून आखाड्याच्या कडेला उभा असताना पोरगं जांभया देतंय म्हणजे ते भ्यालंय किंवा आळसावलंय असं लोकांना वाटतं. तसं नसतंय. मलाही यायच्या, एकामागं एक, आणि त्या वेळी अंगात वीज खेळत असायची. वस्ताद म्हणायचे, “येऊ दे, अंग जागं व्हाया लागलंय.” अमेरिकेचा बर्फावरचा स्केटर अपोलो ओनो, ऑलिंपिकला शर्यतीआधी तोही जांभया देताना दिसायचा. जांभई म्हणजे झोप, हे समीकरण आमच्या मातीत तरी चालत नाही.

घाटमाथा (४:५०)

तालीम, हे वाचून माझा दुसरा प्रश्न आणखी अवघड झाला. जांभई जर जाग आणणारी असेल तर काकांना माझ्या जांभयांचा फायदाच व्हायला हवा होता!

टाळकरी (५:३०)

कार्तिकात आमच्या गावी पहाटे काकडा असतो. साडेचारला मंडपात दोन्ही बाजूंना टाळकरी उभे, मध्ये मृदंग. थंडी असते, डोळ्यांवर झोप असते. एखाद्याला जांभई आली की ती रांगेतून जाताना दिसते. शेजारच्याला नाही, समोरच्याला आधी लागते, कारण तोंडं एकमेकांकडं असतात. मग त्याच्या समोरच्याला, मग तिरकी. टाळ हातात, त्यामुळं तोंडावर हात नेता येत नाही. अभंगाचं ध्रुपद म्हणता म्हणता जबडा उघडतो, ‘विठ्ठल’मधला ठ लांबतो. बुवा ओळखतात आणि लगेच चाल बदलतात, द्रुत घेतात, पावली सुरू होते. पाच मिनिटांत एकही जांभई उरत नाही.

तीस वर्षं हे बघतोय. शंकासुर म्हणतात तसं, जिथं नजर तिथं लागते. हे मला रांगेवरून पटतं.

पांढरी_काठी (६:०५)

टाळकरी, नजरच हवी असं नाही. मी अंधशाळेत शिकवतो. दुपारी जेवणानंतरच्या तासाला एकानं आवाज करून जांभई दिली की तीन-चार बाकांवर लागते. ही मुलं जन्मापासून पाहू न शकणारी. तो आत ओढलेला लांब श्वास आणि सोडताना येणारा ‘आऽह’ त्यांना पुरतो. आवाज न करता दिली तर कुणालाच लागत नाही.

बोरकूट (६:२०)

सगळं वाचून मला वाटतं की मायेचा मुद्दाच खरा. ज्याला दुसऱ्याची जांभई लागत नाही त्याच्या मनात दुसऱ्यासाठी जागा नसते. आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्याला कधीच लागत नाही, आणि तो तसाच आहे.

कवडसा (८:४५)

बोरकूट, हे वाक्य वाचून दोन तास लिहू की नको करत होते. लिहितेच.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. काही वर्षांपूर्वी एका तपासणीत त्याच्यासमोर जांभया दिल्या गेल्या. त्यानं दिली नाही. समोरच्या व्यक्तीनं मला, त्याच्यासमोरच, जवळजवळ तुमचंच वाक्य ऐकवलं. घरी येऊन मी किती रात्री त्याच्यासमोर जांभया देत बसले ते मलाच माहीत.

नंतर शोधून वाचलं. २००७ मधल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलांना जांभई कमी लागते असं आलं होतं. पण त्याच मंडळींनी २००९ मध्ये पुढचा अभ्यास केला. मुलांचं लक्ष फितीतल्या माणसाच्या डोळ्यांकडं जाईल अशी व्यवस्था केली. तेव्हा ऑटिस्टिक मुलं आणि बाकीची मुलं यांच्यात फरक दिसला नाही. माझा मुलगा माणसाच्या चेहऱ्याकडं पाहत नाही, त्याला ते जड जातं. त्या दिवशीही तो पंख्याकडं पाहत होता. जे पाहिलंच नाही ते लागणार कसं?

त्याच्या मनात जागा आहे की नाही ते मी सांगते. मला ताप आला की तो माझ्या उशाशी त्याची लाल मोटार आणून ठेवतो. काही बोलत नाही. ठेवतो आणि जातो.

बोरकूट (९:०२)

कवडसाताई, माफ करा. मी विचार न करता लिहिलं. ऑफिसातल्या त्या माणसाबद्दलही चुकीचंच लिहिलं.

शंकासुर (९:१५)

यात भर घालतो. २०१४ मध्ये ड्यूक विद्यापीठात ३२८ लोकांना तीन मिनिटांची जांभयांची फीत दाखवली. २२२ जणांनी निदान एकदा तरी जांभई दिली. सहानुभूती किती, थकवा किती, झोप किती, सगळं मोजलं होतं. कशाशीच ठळक संबंध लागला नाही. थोडाफार लागला तो वयाशी, वय वाढलं की लागणं कमी. आणि वयानंही सगळ्या फरकातला अगदी लहान हिस्साच उलगडला. तेव्हा जांभईवरून कुणाचं मन मोजू नये.

हातभार (९:४०)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कवडसाताईंचं वाचून एक प्रसंग लिहावासा वाटला.

पक्षाघात झालेले एक काका होते, साठीतले. उजवा हात पूर्ण लुळा. तीन आठवडे बोटसुद्धा हललं नव्हतं. एका दुपारी काकू खुर्चीत बसल्या बसल्या जांभई देतात, काकांना ती लागते, आणि त्यांचा तो उजवा हात कोपरातून वाकून छातीपर्यंत आपोआप वर येतो. जांभई संपते, हात हळूच खाली. काकू किंचाळल्याच, “हात हलला!” सगळा वॉर्ड जमला. काकांना पुन्हा हलवायला सांगितलं. जमेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी.

याला लांबलचक नाव आहे, पॅराकायनेसिया ब्रॅकियालिस ऑसिटान्स. हात मुद्दाम हलवायचा तर हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून निघतो, आणि काकांची तीच वाट तुटलेली होती. जांभईचा कारभार खाली, मेंदूच्या बुंध्यात चालतो. तो फार जुना भाग आहे. तिथून हातापर्यंतची दुसरी वाट शाबूत राहिली होती. हात बरा झाला असा त्याचा अर्थ नव्हता आणि ते मलाच त्या दोघांना समजवावं लागलं. सर्वांत अवघड काम होतं ते.

पण काकू त्यानंतर रोज त्यांच्यासमोर बसून जांभया द्यायच्या. हात वर आला की तो आपल्या दोन्ही हातांत धरायच्या, खाली जाईपर्यंत.

आजोळ (९:५२)

हातभार, डोळे भरून आले.

पाणवठा (१०:१०)

याच्याशी जोडून एक. २०१७ मध्ये नॉटिंगहॅमला ३६ जणांना फीत दाखवली. कधी ‘जांभई येऊ द्या’ असं सांगितलं, कधी ‘दाबा’ असं. दाबायला सांगितलं की येण्याची ओढ उलट वाढली. मेंदूचा हालचालींचा भाग किती चटकन चेतवला जातो ते त्यांनी चुंबकीय यंत्रानं मोजलं, आणि ज्याचा जास्त चेतवला जातो त्याला जास्त लागते असं आलं. म्हणजे हे अंगाचं आहे, स्वभावाचं नाही. शंकासुर, तुमच्या ‘का’च्या सर्वांत जवळ मला हेच वाटतं. दुसऱ्याची हालचाल पाहताना आपल्यातही ती हालचाल अर्धी सुरू होते. हात उचलणं, चालणं हे आपण रोखू शकतो. जांभई एकदा सुरू झाली की मध्येच रोखता येत नाही.

कपाळदुखी (१०:२५)

थोडं विषयांतर, पण कुणाच्या कामी येईल. मला अर्धशिशीचा त्रास आहे. दुखणं सुरू व्हायच्या आधी काही तास कारण नसताना जांभया लागतात, दहा-पंधरा सलग. घरच्यांना वाटायचं जागरण झालंय. आता त्या जांभया आल्या की डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि पाण्याची बाटली मी पिशवीत टाकते. काही औषधांनीही जांभया वाढतात, विशेषतः नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी. वाढल्या असतील तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनानं बंद करू नका.

चौथा_गिअर (रविवार, सकाळी ६:२०)

अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, त्यातली सोळा रात्रीची. घाटमाथा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. संशोधन मला माहीत नाही, रस्ता माहीत आहे.

जांभई लागते ही गोष्ट खरी, आणि नुसत्या लागलेल्या जांभईनं झोप येत नाही हीसुद्धा खरी. दुपारी दोनला मागच्या सीटवर कुणी कितीही जांभया द्या, मला काही व्हायचं नाही. रात्री तीन ते पाच ही वेळ वेगळी. त्या वेळी ड्रायव्हरच्या अंगात झोप आधीच बसलेली असते, तो तिला दारात अडवून धरतो. दुसऱ्याची जांभई ते दार ढकलते.

आम्ही काय काय करायचो! बडीशेप, लवंग, खिडकीची काच खाली, मोठ्यानं गाणं. मी ओला रुमाल कपाळावर बांधायचो. पाणवठांनी थंड पट्टीचं लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला, कारण रुमालानं जांभया खरोखर बंद व्हायच्या. पण झोप बंद व्हायची नाही. हे कळायला मला दहा वर्षं लागली. एका पहाटे बार्शीच्या पुढं कपाळावर ओला रुमाल होता, अर्ध्या तासात एक जांभई नव्हती, मला वाटलं मी ठणठणीत जागा आहे. डाव्या चाकाखाली साइडपट्टीची खडी करकरली तेव्हा डोळे उघडले. म्हणजे ते मिटले होते. मागं चव्वेचाळीस माणसं झोपलेली.

त्या दिवसापासून रुमाल सोडला. जांभई आली की ती घंटा समजायची. एक आली तर कंडक्टरला पुढं बोलवायचं आणि बोलत राहायचं. लागोपाठ तीन आल्या तर पुढच्या स्टँडवर गाडी लावायची, तोंड धुवायचं, चहा घ्यायचा आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून पंधरा मिनिटं झोपायचं. प्रवासी कुरकुर करायचे, वेळेची नोंद बिघडायची, बोलणी खावी लागायची. खाल्ली.

तुमच्या त्या ड्रायव्हरनं तुम्हाला उठवलं ते तुमच्या जांभईवर रागावून नाही. त्याला त्या सीटवर बोलणारा माणूस हवा होता. कंडक्टर पुढं येऊन बसला, असं तुम्हीच लिहिलंय.

घाटमाथा (रविवार, सकाळी ७:०५)

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आता आठवतंय, मी मागं जाऊन बसलो तेव्हा पुढून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कंडक्टर त्याच्या मुलीच्या बारावीचं काहीतरी सांगत होता. त्या आवाजात मला झोप लागली ती लातूर आल्यावरच उघडली.

पुढच्या शुक्रवारी परत तीच गाडी आहे. तीच सीट मागणार आहे. दुपारी झोप काढून जाईन, आणि रात्री तीननंतर काय बोलायचं ते आत्तापासून जमवतोय.

चौथा_गिअर (७:११)

शेतीचं विचारा. कुठलाही ड्रायव्हर पाचपर्यंत बोलेल.